चौकट सत्तीपाशी थांबलेला आवाज

फाईलचा आकार आणि आतल्या सामानाची बेरीज जुळत नव्हती. मी पुन्हा तपासलं. फाईल मोठी होती, सामान कमी होतं. म्हणजे आत असं काहीतरी पडून होतं, ज्याची नोंद कुठेच नव्हती.

फाईल होती एका जुन्या पत्त्यांच्या गेमची. गेमचं नाव मेंढीकोट. सीडीच्या जमान्यात सोलापुरातल्या एका कम्प्युटर क्लासवाल्याने तो बनवला होता. त्या काळी आमच्याकडे ज्याच्या घरी कम्प्युटर आला, त्याच्या घरी आठवड्याभरात हा गेम आलाच. कोणी विकत घेतला, बहुतेकांनी कॉपी मारली. आता पुण्याच्या एका कंपनीने त्याचे हक्क घेतले होते आणि तो मोबाईलवर आणायचा होता. त्याआधी जुन्या फाईली उघडून आत काय काय दडलंय ते बघायचं काम माझ्याकडे आलं.

या कामाला कंपन्या कंटेंट ऑडिट म्हणतात. मी बरीच वर्षं पुण्यात गेम टेस्टिंग केलं. आईची तब्येत बिघडली तेव्हा सोलापूरला परत आले आणि तेव्हापासून इथूनच काम करते. गेम बनवणारी माणसं आत बरंच काही सोडून जातात. अर्धवट चित्रं, आपसातले विनोद, परवानगी न घेता टाकलेली गाणी. एका गेममध्ये मला मॅनेजरला दिलेली शिवी सापडली होती, तीही मॅनेजरच्या नावासकट. वापरणाऱ्याला हे दिसत नाही. पण गेम पुन्हा बाजारात आला की कोणीतरी हौशी माणूस फाईली उघडून बघतोच, आणि मग कंपनीची शोभा होते. म्हणून आधी आम्ही बघायचं.

या गेमची चित्रं आणि आवाज एकाच मोठ्या फाईलमध्ये भरलेले होते. तिला गोडाऊन समजा. गोडाऊनच्या दाराशी एक यादी असते, कोणता माल कुठे ठेवलाय त्याची. गेम फक्त ही यादी वाचतो. आळशी प्रोग्रामरला एखादी गोष्ट काढायची झाली, की तो यादीतलं नाव खोडतो आणि माल तिथेच ठेवतो. गेमच्या दृष्टीने तो माल मग नसल्यासारखाच.

यादीतला माल मी पहिल्या दिवशीच बघून संपवला होता. त्यातही काही वापरात नसलेल्या गोष्टी होत्या. पत्त्यांच्या मागच्या बाजूला लावायचं एक डिझाईन होतं, सोलापुरी चादरीची हुबेहूब नक्षी. मोठ्या मिशांचा आणि फेट्याचा एक बदाम राजा होता. प्रोग्राममध्ये स्वतःसाठी लिहून ठेवलेला एक मेसेज होता, इंग्रजी अक्षरांत मराठी: ‘इथपर्यंत पोचलो, आता जेवायला जातो.’ हे सगळं निरुपद्रवी होतं. रिपोर्टमध्ये टाकलं.

राहिली ती नोंद नसलेली जागा. त्यासाठी फाईल अशा एका प्रोग्राममध्ये उघडतात, जो तिचा एकेक तुकडा आकड्यांत दाखवतो. नुसते आकडे बघून काही कळत नाही. पण आवाजाच्या फाईलच्या तोंडाशी चार ठरावीक इंग्रजी अक्षरं असतात, चित्राच्या फाईलच्या तोंडाशी वेगळी. मी आवाजाची अक्षरं शोधायला लावली. एक सापडलं. पुढे दुसरं, तिसरं. एकापाठोपाठ एक रांगच लागलेली होती.

ते तुकडे कापून वेगळे केले आणि हेडफोन लावला.

“इस्पिक एक्का,” एक तरुण माणूस म्हणाला.

त्याच्या मागे पॉवरलूमची खटखट ऐकू येत होती. पुढची फाईल लावली. इस्पिक राजा. मग राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, अशी दुर्रीपर्यंत. इस्पिक संपल्यावर बदाम, बदाम संपल्यावर किलवर. माणूस एकेक पान हातात घेऊन नाव वाचत होता हे उघड होतं. पान टेबलावर ठेवल्याचा आवाजही मध्ये मध्ये येत होता.

शेवटी चौकट आली. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत ठीक होतं. शेवटच्या फाईलमध्ये तो म्हणाला, “चौकट...” आणि थांबला. लूम खटखटत राहिले. मग तो म्हणाला, “सत्ती हाय का छक्की रं? थांब व्यंक्या. ठिपके दिसंनात मला.”

त्याच्यापुढे काही नव्हतं.

मी हेडफोन काढून ठेवला. मग आईला औषध दिलं, चहा केला आणि पुन्हा कामाला लागले. हे आवाज कशासाठी होते ते आता बघायचं होतं.

खोडलेल्या नोंदी यादीत परत लिहिल्या. मग प्रोग्राममध्ये शोधलं, तर हे आवाज वाजवणारा भाग जसाच्या तसा शाबूत होता. फक्त त्याचं बटण पडद्यावर दिसू नये, अशी सोय केलेली होती. ती सोय काढली. गेम सुरू केला. खाली कोपऱ्यात एक नवं बटण आलं, त्यावर कानाचं चित्र होतं. ते दाबलं आणि गेम बोलायला लागला. माझ्या हातातली पानं सांगू लागला, बाकीच्यांनी काय टाकलं ते सांगू लागला. कीबोर्डवर एक ते तेरा पानांसाठी तेरा बटणं नेमून दिलेली होती. माऊस लागत नव्हता.

ज्याला दिसत नाही, त्याला खेळता यावं म्हणून केलेला हा गेम होता. चौकटीची सत्तीपासून खालची पानं सोडली, तर जवळजवळ पूर्ण. आणि कोणीतरी तो झाकून टाकला होता.

मी पुण्याला ऋषिकेशला फोन केला. तो या प्रोजेक्टचा मॅनेजर. वयाने माझ्याहून लहान, कामाला चोख. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दोन शब्दांत निकाल दिला.

“डिलीट करा.”

त्याची कारणं चुकीची नव्हती. आवाज कोणाचा ते माहीत नाही, त्याची लेखी संमती नाही, लीगलवाले तयार होणार नाहीत. शिवाय फीचर अर्धवट.

“अनयूज्ड आहे म्हणजे नकोय, मॅडम,” तो म्हणाला.

“अनयूज्ड म्हणजे वापरलेलं नाही एवढंच,” मी म्हटलं. “नकोय की नाही ते बनवणाऱ्याला विचारू या.”

त्याने मला रिपोर्टच्या तारखेपर्यंत मुदत दिली. पण बजावलंही, की तुमचं काम यादी करून देण्याचं आहे, बाकीचं स्कोपमध्ये येत नाही. मला ते माहीत होतं. मला हेही माहीत होतं, की मूळ प्रोग्रामची प्रत बनवणाऱ्याकडेही राहिलेली नाही. घरोघरच्या कॉप्या केव्हाच कचऱ्यात गेल्या, उरलेली ही कंपनीकडची एकच सीडी. तिच्यावरून नवी फाईल तयार झाली, की सीडी कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये जाणार आणि हा आवाज कायमचा जाणार.

गेम बनवणारे व्यंकटेश अण्णा. पूर्वी भवानी पेठेत त्यांचा कम्प्युटर क्लास होता. क्लास बंद झाल्यावर ते घरच्या धंद्यात उतरले. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचं टॉवेलचं युनिट आहे. फोनवर ते म्हणाले, “ते कचरा आहे की मॅडम. काढून टाका.” मी येऊन भेटते म्हटलं, तर म्हणाले, या, पण माझं उत्तर हेच राहणार.

दुसऱ्या दिवशी स्कूटी काढून गेले. युनिटमध्ये लूम चालू असताना बोलणं म्हणजे ओरडणं. अण्णांनी मला पलीकडच्या खोलीत नेलं, जिथे टॉवेलांचे गठ्ठे बांधून ठेवले होते. पन्नाशीचा माणूस, अंगावर सुताचा बारीक कापूस. त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि स्वतः उभेच राहिले. मी मोबाईलवर शेवटची फाईल लावली.

ती संपेपर्यंत ते उभे होते. मग एका गठ्ठ्यावर बसले.

“सिद्धू,” ते म्हणाले. “सिद्धाराम.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. भवानी पेठेत चार मित्र रोज संध्याकाळी मेंढीकोट खेळायचे. चौघांचा खेळ, दोन-दोनच्या जोड्या. दश्शीला मेंढी म्हणायचं. चारही मेंढ्या एकाच जोडीने पकडल्या, की समोरच्यांवर कोट. व्यंकटेश आणि सिद्धाराम एकमेकांचे भिडू. सिद्धारामची नजर हळूहळू जात होती. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की हे थांबणार नाही. पानं ओळखायला त्याला वेळ लागायला लागला आणि एक दिवस तो खेळायला यायचाच बंद झाला.

व्यंकटेश तेव्हा गेम बनवतच होते. त्यांनी ठरवलं, याच गेममध्ये सिद्धूसाठी सोय करायची. आवाज त्याचाच घ्यायचा, दिसतंय तोवर. क्लासच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंग केलं. पण चौकट संपायच्या आधीच त्याच्या डोळ्यांना पेलेना.

“मग?” मी विचारलं.

मग व्यंकटेशनी राहिलेल्या पानांना स्वतःचा आवाज तात्पुरता लावला आणि सिद्धारामला कम्प्युटरसमोर बसवलं. तो दोन संध्याकाळ खेळला. तिसऱ्या दिवशी आला नाही. चौथ्या दिवशीही नाही. पुढे त्याचं कुटुंब टेंभुर्णीला गेलं, तेव्हा तो निरोप घ्यायला येऊन गेला, पण गेमचा विषय त्याने काढला नाही.

“त्याला लागलं असणार मॅडम,” अण्णा म्हणाले. “आम्ही सगळे पानं हातात घेऊन खेळणार आणि याला वेगळं मशीन. दया केल्यासारखं. स्वाभिमानी माणूस तो. मला आधी कळायला पाहिजे होतं. मग मी बटण काढून टाकलं. माझा आवाज पुसून टाकला. त्याचा पुसायला हात होईना, म्हणून नुसती नावं खोडली.”

मी विचारलं, की सिद्धाराम असं म्हणाले होते का. अण्णा म्हणाले, असं कोणी बोलून दाखवतं का. नंतर कधी विचारलंत का म्हटलं, तर म्हणाले, काय विचारायचं, जखमेवर मीठ.

संमती हवी असेल तर तुम्ही जा, मी येणार नाही, एवढं सांगून ते लूमकडे निघून गेले. नंबर त्यांच्याकडे नव्हता. टेंभुर्णीत फाट्याजवळ सिद्धारामचं पशुखाद्याचं दुकान आहे, एवढं त्यांनी ऐकलेलं होतं.

रविवारी शेजारच्या काकूंना आईजवळ बसवून मी एसटीने टेंभुर्णीला गेले. दुकान दोघांना विचारल्यावर सापडलं. सरकी पेंड, भुसा, गोळी पेंड, पोत्यांच्या थप्प्या. गल्ल्यावर एक धिप्पाड माणूस बसला होता, डोळ्यांवर काळा चष्मा. हातातला मोबाईल बोलत होता. आता मोबाईलमध्ये अंध माणसांसाठी पडद्यावरचं वाचून दाखवायची सोय असते. ती मला ठाऊक होती, आमच्या टेस्टिंगमध्ये असते. पण त्यांच्या मोबाईलचा वेग इतका होता, की मला एक शब्द कळला नाही. नुसती किरकिर ऐकू येत होती. ते मात्र आरामात ऐकून बोटाने पुढे पुढे जात होते.

मी ओळख सांगितली. गेमचं नाव काढल्यावर ते हसले.

“सोलापुरासनं आलाव व्हय? त्यासाठी? बसा की.” त्यांनी आत हाक मारली आणि बायकोला, महानंदावहिनींना, चहा ठेवायला सांगितला. ते त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलले, माझ्याशी मराठीत.

मी आवाज सापडल्याचं सांगितलं आणि विचारलं, ऐकवू का. ते म्हणाले, ऐकवा. मी सुरुवातीपासून लावलं. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. लग्नाआधीचा नवऱ्याचा आवाज त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. सिद्धाराम मान थोडी खाली घालून ऐकत होते. शेवटची फाईल लावायची की नाही, असं मला एकदा वाटलं. पण ती त्यांची होती, लपवणारी मी कोण. लावली.

“सत्तीच हुती ती,” ते म्हणाले. “मागनं आईला दाखिवली.”

 वहिनींनी चहा आणून ठेवला.

मग मी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी खरं तर आले होते. संमतीचा नव्हे. तुम्ही खेळणं का सोडलं?

त्यांनी आधी टाळलं. मग म्हणाले, “व्यंक्याला सांगणार न्हाईसा न्हवं?”

मी म्हटलं, तसा शब्द देता येणार नाही.

ते म्हणाले, “मॅडम, त्यो गेम लई सावकाश बोलायचा.”

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. त्यांनी समजावून सांगितलं. दर वेळी आपली चाल आली, की गेम हातातली सगळी पानं पहिल्यापासून वाचायचा. तेरा असतील तर तेरा. मध्ये थांबवायची सोय नाही. मग टेबलावरची वाचणार, मग विचारणार कोणतं टाकायचं. तोपर्यंत पहिलं काय होतं ते डोक्यातून गेलेलं. एक डाव संपेपर्यंत जीव मेटाकुटीला यायचा.

“मला हातातली पानं एकदा सांगितली की ध्यानात राहत्यात. परत परत कशाला? फकस्त मी इचारंल तवाच सांग की,” ते म्हणाले. “पण त्यानं रात्रंदिवस खपून केलतं. माझ्या तोंडावर आशेनं बघत असणार. त्याला कसं म्हणू, बाबा, तुजा गेम कटाळवाणा हाय म्हणून? मी जायाचंच बंद केलं.”

मी स्वतः तो गेम दोन दिवस खेळले होते. त्यातली लांबण मला दिसली होती, पण खटकली नव्हती. कारण मी डोळे उघडे ठेवून खेळत होते. पानं समोर दिसत असताना वाचन मागे चालू राहिलं तर काय बिघडतं. ज्याला फक्त कानच आहेत, त्याचं सगळं बिघडतं.

मी त्यांना काय काय बदलायला हवं ते विचारलं. त्यांच्याकडे सगळी उत्तरं तयार होती. जणू इतकी वर्षं डोक्यात तो गेम दुरुस्त करत बसले होते. वाचण्याचा वेग वाढवता यावा. मध्येच गप्प करता यावं. रंगाप्रमाणे विचारता यावं, म्हणजे नुसती बदामाची पानं सांग म्हटलं तर तेवढीच. हुकूम कोणता आहे ते एका बटणावर कळावं.

संमतीचा विषय काढला तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी सरळ नाही म्हटलं. जाहिरातीत कंपनी काय करणार ते त्यांना आधीच दिसत होतं. अंध माणसाची करुण कहाणी, मागे सनई. दुकानात रोज पन्नास माणसं येतात, पोती मोजून घेतात, उधारी मागतात, भांडतात. त्यातलं कोणीही त्यांना बिचारा म्हणत नाही. ते आता सुरू करायचं नव्हतं.

मी म्हटलं, तुमची अट सांगा, मी ती कंपनीपुढे ठेवते.

“नाव टाका माझं. आवाज अमक्याचा म्हणून,” ते म्हणाले. “डोळ्याचं कायबी टाकायचं न्हाय.”

परत आल्यावर मी आधी ऋषिकेशला नाही, अण्णांना गाठलं. युनिटच्या दारातच सांगितलं. लूमच्या आवाजात त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मी पुन्हा ओरडून सांगितलं, “गेम सावकाश होता म्हणून सोडला.”

त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग राग आला, अगदी खरा राग. त्यांनी माझ्याकडून नंबर घेतला आणि फोन कानाला लावून फाटकापर्यंत चालत गेले. मला पाठीमागून फक्त हातवारे दिसत होते. एकदा त्यांचा आवाज चढला, “अरे मग तोंडाने सांगायला काय झालं होतं तुला?” एवढंच ऐकू आलं. कामावर येणारे दोघे सायकली धरून बाजूला उभे राहून बघत होते. पुढचं मी ऐकलं नाही. ऐकायचंही नव्हतं. स्कूटी काढली आणि निघाले.

आता ऋषिकेश. नुसता रिपोर्ट देऊन त्याला पटणार नव्हतं, हे मला माहीत होतं. रिपोर्ट वाचणारा माणूस डोळ्यांनी वाचतो. मी व्हिडिओ कॉल लावला, बोलका गेम त्याच्या मशीनवर चालू करून दिला आणि डोळ्यांना रुमाल बांधायला सांगितला. तो म्हणाला, मॅडम, हे काय. मी म्हटलं, एक डाव.

डाव पूर्ण झालाच नाही. अर्ध्यात त्याने रुमाल ओढून काढला.

“हे कोण खेळणार?” तो म्हणाला. “जीव जाईल माणसाचा.”

“ज्याच्यासाठी केलं त्याने हेच सांगितलं,” मी म्हटलं. “आणि काय बदलायचं तेही सांगितलंय.”

मी सिद्धारामच्या सूचना एकेक करून सांगितल्या. त्याने त्या ऐकून घेतल्या. मग प्रश्न विचारू लागला, आणि प्रश्न कामाचे होते. मोबाईलवर स्पर्शाने रंग कसा निवडायचा, दोन बोटं फिरवली तर काय व्हावं. मॅनेजर नाही म्हणायचं थांबवून कसं करायचं ते विचारायला लागला, की निम्मं काम झालं असं समजावं. शेवटी तो म्हणाला, वरती विचारतो, शब्द देत नाही. मी रिपोर्टमध्ये ‘वापरात नसलेले आवाज’ या सदरातून ते काढले आणि ‘अपूर्ण फीचर, चाचणी केलेली, वापरणाऱ्याच्या सूचना सोबत’ असं लिहून पाठवलं.

वरून होकार यायला वेळ लागला. मध्ये एकदा तर नकारच आला होता. ऋषिकेशने तो परस्पर परतवला, हे मला खूप नंतर दुसऱ्या एकाकडून कळलं. सिद्धारामची अट लीगलने कागदावर जशीच्या तशी घेतली.

रेकॉर्डिंग सोलापुरातच एका लहान स्टुडिओत झालं. माझा हिशोब असा होता, की जुने आवाज साफ करून वापरू आणि फक्त राहिलेली पानं नव्याने घेऊ. सिद्धाराम स्टुडिओत आले ते व्यंकटेश अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून. दोघं दारातच कशावरून तरी वाद घालत होते, तेलुगू, कन्नड आणि मराठी असं सगळं मिसळून. साउंडवाल्याने जुनी इस्पिक लावली. सिद्धारामनी ती ऐकली आणि हात वर केला.

“सगळं परत घ्या,” ते म्हणाले. “पोराचा आवाज चांगला हाय, पण त्योबी लई सावकाश बोलतोय.”

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी जुना आवाज इतकी वर्षं जपला होता, त्यांना हे रुचेल असं वाटलं नव्हतं. ते म्हणाले, “बरोबर आहे त्याचं. घ्या परत.”

मग सिद्धाराम माईकसमोर बसले आणि सगळी पानं म्हणून गेले. छातीतून येणारा जाडा आवाज, प्रत्येक नाव तोडून, स्पष्ट. हातात एकही पान नव्हतं. इस्पिक झाली, बदाम झाले, किलवर झाली. चौकट सत्ती आली आणि गेली. ते थांबले नाहीत. अण्णा काचेपलीकडे उभे होते. त्यांनी नाक शिंकरलं आणि साउंडवाल्याला विचारलं, की चहा कुठे मिळतो.

जुने आवाज नव्या गेममध्ये नाहीत. ऋषिकेशने ते नियमाप्रमाणे काढले. काढण्याआधी एक प्रत अण्णांना द्यायला त्याने परवानगी दिली. ती मी पेन ड्राईव्हवर नेऊन दिली. महानंदावहिनींनीही एक मागितली, ती अण्णांनीच करून दिली असणार.

गेम बाजारात येऊन आता बरेच महिने झाले. फार गाजला असं नाही. पण बोलता मेंढीकोट खेळणारी माणसं कुठून कुठून आली. अंध शाळांतले शिक्षक आले, मोतीबिंदू झालेल्या आज्या आल्या, आणि गाडी चालवताना खेळणारा एक ड्रायव्हर आला. त्याला ऋषिकेशने हात जोडून असं करू नका म्हणून कळवलं. श्रेयनामावलीत ‘आवाज’ या शब्दापुढे सिद्धारामचं नाव आहे. त्यापुढे काही नाही.

आता सिद्धाराम मला व्हॉईस मेसेज पाठवतात. कौतुकाचा आजवर एकही आला नाही. परवाचा मेसेज असा होता, की कम्प्युटरचा भिडू लई मठ्ठ हाय, मी जिंकलेल्या हातावर स्वतःचा हुकूम वाया घालवतो, याला कोणी खेळायला शिकवलं. मी तपासलं. तक्रार खरी होती. बग नोंदवला, पुढच्या अपडेटमध्ये जाईल.

टेस्टिंगमध्ये नवीन मुलं आली, की मी त्यांना एकच गोष्ट सांगते. माणसाने एखादी वस्तू वापरायची सोडली, तर त्याचं कारण आपण बसल्या जागी ठरवायचं नाही. आपल्याला सुचलेलं कारण सहसा मोठं आणि दुःखाचं असतं. खरं कारण अनेकदा एका बटणात दुरुस्त होण्यासारखं असतं. जाऊन विचारायचं, आणि पहिल्या आठवड्यातच विचारायचं.